ग्रहण बघा, पण सूर्याकडे पाठ करून

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळा आहे, ढग आडवे आले तर विषयच संपला. नाही आले, तर नेहमीचे सल्ले सुरू होतील: एक्स-रेची फिल्म धरा, काजळी धरलेली काच घ्या, परातीत हळदीचं पाणी ठेवा. यातलं काहीही करू नका.

परातीचं तर हिशेबातच बसत नाही. सूर्य उंचावर असताना पाण्याचा पृष्ठभाग शंभरातला साधारण दोन भाग प्रकाश परत फेकतो, खाली उतरला की त्याहून बराच जास्त. ग्रहणाचा खरा चष्मा लाखातले तीन-एक भागच आत सोडतो. म्हणजे परात सहाशे पटींहून अधिक उजेड डोळ्यात घालते. हळद पाण्यात असते, उजेड पृष्ठभागावरून परततो. तिचा उपयोग शून्य.

चष्मा घेताना आयएसओ १२३१२-२ हे मानक बघा, पण नुसत्या छापील आकड्यावर भरवसा ठेवू नका. घरात घालून बघा. मोबाइलच्या टॉर्चसारखा झगझगीत दिवा अंधुक दिसला तर ठीक, ट्यूबलाइटखालचं कपाट दिसलं तर फेकून द्या. चरा किंवा टाचणीएवढं भोक असलं तरी तेच. नंबरचा चष्मा असेल तर हा त्यावरून घाला. मान खाली घालून चढवा, मान खाली घालूनच काढा. हा चष्मा लावून दुर्बिणीतून बघायचं नाही, ती फिल्म जाळते आणि मागोमाग डोळा. वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच.

घरात चार पोरं असतील तर मात्र चष्म्यावर विसंबू नये. कडेने डोकावणारं एक तरी निघतंच. त्यांच्यासाठी आरसा.

इथेच मी २०१९ च्या डिसेंबरात फसलो होतो. सकाळी आठनंतर ग्रहण लागलं. मी गॅलरीत अख्खा आरसा धरून हॉलच्या भिंतीवर कवडसा पाडला. वीस मिनिटं कवडसा चौकोनीच. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, ग्रहण चौकोनी असतं का?"

चूक साधी होती: आरसा मोठा, भिंत जवळ. तेव्हा कवडशाला आरशाचा आकार येतो, सूर्याचा येत नाही. आरशावर जाड काळा कागद चिकटवा आणि त्याला ८ मिलिमीटरचं भोक पाडा. भोक गोलच हवं असं नाही. आता भिंत लांब हवी. अंतराला ११० ने भागलं की सूर्याच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. आमच्या गॅलरीपासून स्वयंपाकघराची भिंत ९ मीटर, म्हणजे ८ सेंटिमीटरचा सूर्य. भोक या प्रतिमेच्या दहाव्या हिश्श्याएवढं ठेवा. मोठं केलंत तर कडा फिसकटतात, फार बारीक केलंत तर उजेड पुरत नाही. पडदे ओढा आणि भिंतीवर पांढरा कागद लावा.

दुसरा वैताग म्हणजे कवडसा सरकतो. दर दोन मिनिटांना सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो आणि हातातला आरसा तर थरथरतोच. प्लॅस्टिकच्या चेंडूत वाळू भरा, वर आरसा चिकटवा, चेंडू चुंबळीवर बसवा. बोटभर ढकलला की कवडसा जागेवर येतो आणि थरथरत नाही; सूर्य सरकला की पुन्हा ढकला.

आता दरडावून सांगतो: आरशात कुणी बघायचं नाही. आरशातला सूर्यही सूर्यच. मुलांच्या डोक्यांवरून झोत जाईल इतक्या उंच स्टुलावर आरसा ठेवा आणि त्याच्यापाशी एक मोठं माणूस उभं करा.

एवढा आटापिटा का, तर दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजताना दुखत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वाचताना मधलीच अक्षरं गायब होतात. तसं झालं तर थेंब घालत बसू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा.

वेध पाळायचे तर पाळा, डोळ्यांशी त्यांचा संबंध नाही. खग्रास स्थितीतली काही मिनिटं तेवढी उघड्या डोळ्यांनी बघता येतात, पण त्या दिवशी ती इजिप्तमधल्या लक्झरला आहेत, आपल्या गच्चीवर नाहीत.

आरसा जमलाच नाही तर बुंदीचा झारा घ्या. २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळतीला असताना सूर्याकडे पाठ करून मी झारा खांद्यावर धरला. समोरच्या भिंतीवर एकाच वेळी पन्नासेक चंद्रकोरी उमटल्या. झाऱ्याला तूप लागलेलं होतं, काही भोकं बुजली होती. आधी घासून घ्या.