डिटेलिंगचं सामान ठेवताना आणि बाटलीत काढताना या चुका टाळा

गाडीचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने धुणं-पुसणं-पॉलिश करणं, घरीच करायचं तर शाम्पू, एपीसी (ऑल पर्पज क्लीनर), व्हील क्लीनर सगळं ५ लिटरच्या कॅनमध्ये घेतलं की स्वस्त पडतं, पण मग ते छोट्या बाटलीत काढावं लागतं आणि भानगडी तिथंच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाटलीवर नाव न लिहिणं. मी स्वतः केलीय. दोन सारख्या पांढऱ्या स्प्रे बाटल्या, एकीत इंटिरियर क्लीनर, दुसरीत ॲसिडवालं व्हील क्लीनर, वाटलं लक्षात राहील, नाही राहिलं, आणि दाराच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढरे डाग पडले ते आजही तसेच आहेत. तेव्हापासून नाव, प्रमाण आणि भरल्याची तारीख मार्करने लिहितो आणि वरून रुंद सेलोटेप मारतो, कारण नुसता मार्कर केमिकलचा ओघळ आला की पुसला जातो.

आणि कृपा करून कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काहीही भरू नका. निळा-गुलाबी शाम्पू लहान पोराला सरबतच वाटतो. ब्लीचच्या रिकाम्या बाटलीत ॲसिडवालं क्लीनर तर अजिबात नको, आत थोडं ब्लीच राहिलेलं असलं तरी क्लोरीन गॅस तयार होतो.

कॅनमधून ओतताना गटक गटक करत अर्धं जमिनीवर सांडतं ना? आपण कॅनचं तोंड खालच्या बाजूला येईल असा धरतो म्हणून. कॅन फिरवून घ्या, तोंड वरच्या कडेला राहिलं पाहिजे, मग आत हवा जात राहते आणि एकसारखी धार पडते. करून बघा, पहिल्यांदा उलटंच वाटतं. थोडंच काढायचं असेल तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई नको, मापही बरोबर मिळतं.

मापावरून आठवलं, १:४ म्हणजे पाव भाग नव्हे. एक भाग केमिकल आणि चार भाग पाणी, एकूण पाच, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत १०० मिली केमिकल आणि ४०० पाणी. आधी पाणी घाला, केमिकल नंतर, नाहीतर फेसानेच बाटली भरते. बोअरचं पाणी टाळा, क्षार काचेवर आणि पेंटवर डाग सोडतात, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि लागेल तेवढंच कालवा, कारण पातळ केल्यावर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं, काही आठवड्यांत वास मारायला लागला की ओतून द्या.

स्प्रे मारला जात नाही म्हणून लगेच ट्रिगर फेकू नका. आधी आतली नळी तळापर्यंत पोचते का बघा, मग कोमट पाणी भरून पंधरा-वीस वेळा दाबा. लिक्विड वॅक्स वाळून नोझल बुजतं, तेव्हा वापर झाला की दोन-चार स्प्रे साध्या पाण्याचे मारून ठेवायची सवय लावा.

उन्हाळ्यात डिकीत सामान ठेवणं बंद करा. उन्हातल्या बंद गाडीत प्रचंड तापतं आणि एरोसोलच्या कॅनवर ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलसुद्धा पटकन पेट घेतं. घरात सावलीत, गॅसपासून लांब आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.

मायक्रोफायबरचं तर काय सांगू, लोक हजारोंचं पॉलिश घेतात आणि कपडा उघडा खुंटीला टांगतात. त्यावर बसलेली धूळच पेंटवर ओरखडे काढते. टायरचे कपडे वेगळे, पेंटचे वेगळे, दोन झाकणाचे डबे करा. सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, आणि पावसाळ्यात खडखडीत वाळल्याशिवाय डब्यात घालू नका नाहीतर कुबट वास येतो. क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) जमिनीवर पडला तर मन घट्ट करून टाकून द्या, त्यात रुतलेला खडा दिसत नाही.

सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे पेंटवर कडक संरक्षक थर देणाऱ्या लिक्विडची, बाटली उघडली की आतल्या हवेतल्या ओलाव्यानेच ती घट्ट व्हायला लागते, म्हणून तोंड पुसून झाकण गच्च लावा आणि तळाला खडे किंवा गाठी दिसल्या तर कितीही महाग असली तरी गाडीला लावू नका.