दक्षिण चीन समुद्राची बातमी परभणीत बसून कशी वाचायची

राज्यसेवेची तयारी करणारी आपल्याकडची बरीच पोरं हा टॉपिक पाठ करून टाकतात, कारण मराठवाड्याला समुद्रच नाही तर आपला काय संबंध असं वाटतं. संबंध आहे. चीननं फॉस्फेट खताची निर्यात आवळली की पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळायची मारामार होते, आणि मोंढ्यात सोयाबीनचा भाव निघतो त्यात इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा हात असतोच. म्हणून पाठ करू नका, वाचायला शिका.

आधी ॲटलास उघडा. फिलिपिन्सचं पलावान बेट शोधा आणि नकाशाचं स्केल बघून तिथून 200 सागरी मैलांचा म्हणजे साधारण 370 किमीचा गोल पेन्सिलनं काढा. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायद्याप्रमाणे या पट्ट्यातल्या मासळीवर आणि तेल-गॅसवर किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क. आता त्याच नकाशावर चीनची नऊ तुटक रेघांची लाईन ओढा, म्हणजे जिच्या आतल्या समुद्रावर चीन हक्क सांगतो ती, ती सरळ तुमच्या गोलात घुसते. सगळं भांडण तिथंच आहे, हे हातानं काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

मग बघायचं की कागद कुणाकडं आणि ताबा कुणाकडं. आपल्याकडं बांधाचा निकाल एकाच्या बाजूनं लागतो आणि नांगर दुसराच फिरवतो, तसंच हे. फिलिपिन्सनं केलेल्या दाव्यात 12 जुलै 2016 ला नेदरलँड्समधल्या हेगच्या लवादानं सांगितलं की त्या रेघांतल्या साधनसंपत्तीवर चीनच्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही, चीन म्हणला आम्ही मानतच नाही. चीननं 1996 मध्येच हा सागरी कायदा मंजूर केलेला आहे, तरी. आणि जी अमेरिका याच कायद्याच्या नावानं तिथं युद्धनौका फिरवते तिनं स्वतः तो अजून मंजूर केलेला नाही, ही गोष्ट उत्तरात लिहायला विसरू नका, मला ती लई महत्त्वाची वाटते, कारण मोठे देश नियम दुसऱ्यासाठी वापरतात ते इथं उघडं दिसतं.

बातमीत जहाज आलं की ते कुणाचं ते बघा, नौदलाचं की तटरक्षक दलाचं. सेकंड थॉमस शोलचंच घ्या, हा पलावानजवळचा वादातला प्रवाळाचा खडक. दुसऱ्या महायुद्धातलं सिएरा माद्रे नावाचं गंजलेलं जहाज फिलिपिन्सनं 1999 मध्ये तिथं मुद्दाम रुतवून ठेवलं, त्यावर आजही थोडे सैनिक राहतात, आणि त्यांना रेशन-पाणी घेऊन जाणाऱ्या बोटींवर चीनचं तटरक्षक दल पाण्याचे फवारे मारतं. 17 जून 2024 ला तर सुरे-कुऱ्हाडी निघाल्या, एका सैनिकाचा अंगठा तुटला, पण गोळी चालली नाही. का नाही चालली? 1951 चा अमेरिका-फिलिपिन्स संरक्षण करार आहे, सशस्त्र हल्ला झाला तर अमेरिकेला उतरावं लागेल, म्हणून चीन सशस्त्र हल्ल्याच्या अलीकडंच थांबून ताबा वाढवत राहतो. जगाची व्यवस्था अशी बदलते, युद्ध न करता, आणि बाकीचे हळूहळू सवय करून घेतात.

छोट्या देशांना प्यादी समजू नका. व्हिएतनाम स्वतःच्या ताब्यातल्या खडकांवर भराव टाकतोय, फिलिपिन्सनं 2023 मध्ये अमेरिकेला आणखी 4 तळ वापरायला दिले आणि 2022 मध्ये आपल्याकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्र घ्यायचा करार केला.

शेवटी भारत. क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाचा गट), मलबार हा नौदलांचा सराव, हे सगळे लिहितात, तुम्ही 2014 चा लवादाचा निकाल लिहा. बंगालच्या उपसागरात बांगलादेशबरोबरच्या वादात 25,602 पैकी 19,467 चौरस किमी त्यांच्याकडं गेलं, मोठा देश असून आपण तो निकाल मान्य केला, आणि जून 2023 मध्ये फिलिपिन्सबरोबरच्या संयुक्त निवेदनात 2016 चा निकाल पाळा असं म्हणलं. हे दोन्ही एकाच परिच्छेदात आणा, आधी 2014, मग 2023.