योकोसुकाची ऑर्डर: पेट्यांआधीचे सात महिने

अमेरिकी नौदलातल्या घरात जपानची, म्हणजे तिथल्या योकोसुका या अमेरिकी नौदल तळावर बदलीची, ऑर्डर आली की पहिला वाद सोफ्यावरून होतो: न्यायचा की विकायचा? सोफ्याला वेळ आहे. आधी हात घालायचा तो पैसे टाकून ज्यांची मुदत कमी होत नाही अशा कामांना. अशी कामं तीन: घरातल्या प्राण्याची रक्ततपासणी, कुटुंबाचं स्क्रीनिंग आणि पासपोर्ट.

सगळ्यात लांबलचक काम कुत्र्या-मांजराचं. जपानमध्ये १९५७ नंतर प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही, म्हणून नियम कडक आहेत आणि त्यांचा क्रम मोडून चालत नाही. आधी मायक्रोचिप. मग रेबीजची पहिली लस, तीही प्राणी ९१ दिवसांचा झाल्यावर. निदान ३० दिवसांनी, पण पहिलीची मुदत संपायच्या आत, दुसरी. त्यानंतर रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. कॅन्सस स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा त्यांपैकी एक. रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचा निकाल दर मिलिलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त हवा. रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस मोजायचे. बेरीज केली तर सात महिने होतात, म्हणून बदलीची नुसती कुजबुज लागली तरी सुरुवात करा. चुका ठरलेल्या आहेत. चिप बसवण्याआधी दिलेली लस धरत नाहीत. नमुन्याच्या कागदावर चिपचा एक आकडा चुकला तरी अहवाल वाया जातो. पुढे लसीची मुदत एक दिवस जरी उलटली तरी मोजणी पहिल्यापासून. १८० दिवस भरले नसतील तर उरलेले दिवस प्राण्याला विलगीकरणात काढावे लागतात. परदेशी बदलीत एका कुत्र्याच्या किंवा मांजराच्या प्रवासखर्चापैकी २,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळते, पावत्या जपा.

दुसरं काम ओव्हरसीज स्क्रीनिंग, म्हणजे परदेशात राहण्यासाठी कुटुंब योग्य आहे ना याची तपासणी. ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत ते पुरं व्हावं अशी अपेक्षा असते, आणि नवऱ्याबरोबर बायको-मुलांचंही होतं: वैद्यकीय, दातांचं, शाळेचं. बाहेरच्या डॉक्टरांकडे उपचार चालू असतील तर त्यांची कागदपत्रं मिळवण्यातच वेळ जातो, म्हणून ती पहिल्याच दिवशी मागवा. अर्धवट रूट कॅनाल, मुलाची स्पीच थेरपी, जुना दमा, काहीही लपवू नका. तळावरच्या रुग्णालयात सगळे तज्ज्ञ नसतात. तिथे पोचल्यावर गोष्ट उघडकीस आली तर कुटुंबाला परत पाठवायची वेळ येते. स्क्रीनिंग झाल्यावर कुटुंबासाठी डिपेंडंट एन्ट्री अप्रूव्हल, म्हणजे कुटुंबाला बरोबर नेण्याची मंजुरी, यावं लागतं. ते हातात येईपर्यंत भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका.

औषधांचा डबा इथेच तपासा. अ‍ॅडरॉलसारखी अ‍ॅम्फेटामिन असलेली, एकाग्रतेसाठी दिली जाणारी औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनाही मनाई आहे. मागाहून टपालाने मागवणं हाही गुन्हाच. मूल ही औषधं घेत असेल तर पर्यायाबद्दल डॉक्टरांशी निघण्याच्या बऱ्याच आधी बोला.

पासपोर्टच्या बाबतीत मराठी घरांत एक खास घोळ होतो. भारतीय पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं; डीअर्समध्ये (लष्करी कुटुंबांच्या नोंदणीच्या यंत्रणेत) मात्र तेच मधलं नाव म्हणून वेगळं पडतं. ऑर्डर, डीअर्स, लष्करी ओळखपत्र आणि पासपोर्ट, चारही ठिकाणी स्पेलिंग अक्षरशः जुळवून घ्या. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांना सरकारी कामाचा बिनफीचा पासपोर्ट मिळतो, पण सुट्टीत फिरायला साधा पासपोर्ट वेगळा काढावा लागतो. बायको ग्रीन कार्डवर असेल तर तिला बिनफीचा मिळत नाही. मात्र नवरा अमेरिकी नागरिक असेल आणि ऑर्डर किमान वर्षभराची असेल, तर अमेरिकी नागरिकत्व कायद्याच्या कलम ३१९(बी)खाली तिला नागरिकत्वासाठी नेहमीची तीन वर्षं थांबावं लागत नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जासोबत ऑर्डरची प्रत जोडायची. नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड) काढायचं. परदेशी सैन्यात असलेल्याला, अगदी निवृत्त झालेल्यालाही, ओसीआय मिळत नाही, म्हणजे एकाच घरात बायकोकडे ओसीआय आणि नवऱ्याला व्हिसा. विचित्र, पण नियम तसा आहे.

आता सामान. मंजूर वजन हुद्द्याच्या श्रेणीवर ठरतं: कुटुंबासह जाणाऱ्या ई-५ला ९,००० पौंड मंजूर असतात, ई-६ला ११,०००, ई-७ला १३,०००. काही ठिकाणी यातला थोडाच भाग नेता येतो आणि बाकीचा सरकार साठवून ठेवतं, म्हणून ऑर्डरमधली वजनाची ओळ नीट वाचा. जास्तीच्या वजनाचं बिल तुमच्या नावाने येतं. पाटा-वरवंटा आणि पितळी पातेल्यांचा मोह इथे महागात पडतो. भिंतीवरची शोभेची तलवार मागेच ठेवा. १५ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पात्याची तलवार जपानमध्ये कायद्याच्या कचाट्यात सापडते. तूरडाळ, तांदूळ, मेथीदाणेही नकोत, धान्य-कडधान्याला वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. टोकियोच्या निशी-कासाईत भारतीय दुकानं आहेत, तिथे सगळं मिळतं. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर कुणाला तरी देऊन टाका. योकोसुकात तळाबाहेर १०० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे.

पॅकर्स येण्याच्या आदल्या रात्री पासपोर्ट, ऑर्डर, लसीचे दाखले, शाळेचे कागद, दागिने आणि दोन आठवड्यांचे कपडे बाथरूममध्ये ठेवून दाराला टेप लावा. पॅकर्स भरलेली कचऱ्याची बादलीसुद्धा तशीच पॅक करतात, पासपोर्टचं काय घेऊन बसलात! यादीवर सही करताना घाई नको. प्रत्येक वस्तूपुढे संकेत असतात: एससी म्हणजे ओरखडा, बीआर म्हणजे तुटलेलं, पीबीओ म्हणजे मालकाने स्वतः भरलेली पेटी. कोऱ्या टेबलापुढे एससी लिहिलेलं दिसलं तर शेऱ्याच्या जागी तुमची हरकत लिहा, मगच सही करा. पीबीओ पेटीत आत काय फुटलं याची भरपाई मिळवणं अवघड, म्हणून काचसामान त्यांनाच भरू द्या.

सिएटलहून जपानमधल्या योकोटा हवाई तळाला जाणाऱ्या पॅट्रिअट एक्स्प्रेस या लष्करासाठीच्या विमानात माणशी दोन बॅगा नेता येतात, प्रत्येकी ७० पौंडांपर्यंत. समुद्रमार्गे जाणारं सामान पोचायला दोन-तीन महिने लागतात, त्या हिशोबाने बॅगा भरा. अमेरिकेतली गाडी बरोबर येणार नाही असं धरून चाला. तिथे डाव्या बाजूने चालवायचं असतं आणि तळावरचा वाहन परवाना काढायला अमेरिकेतला चालू परवाना लागतो, तेव्हा तो निघण्याआधी नूतन करून घ्या.

सामान योकोसुकात उतरतं तेव्हा नवऱ्याचं जहाज बहुधा समुद्रात असतं. त्यासाठी निघण्याआधीच तळाच्या कायदेशीर साहाय्य कार्यालयातून बायकोच्या नावे खास मुखत्यारपत्र करून घ्या, ज्यात ‘घरसामान ताब्यात घेणे आणि नुकसानीचा दावा करणे’ स्पष्ट लिहिलेलं असेल. मोघम मुखत्यारपत्र बऱ्याच ठिकाणी चालवून घेत नाहीत. नुकसान कळवायला सामान मिळाल्यापासून १८० दिवस आणि नवी वस्तू घेण्याइतक्या पूर्ण किमतीचा दावा लावायला ९ महिने मिळतात, तेव्हा दिवाळीच्या पणत्यांची पेटीही दिवाळीपर्यंत बंद ठेवू नका.