लपवलेल्या मुलांचा इतिहास वर्गात कसा सांगावा

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून वाचवण्यासाठी ज्यू मुलांना परक्या घरांत लपवले गेले. सातवी-आठवीच्या मुलांना हा विषय पहिल्यांदा सांगताना मी साठ लाख या, मारल्या गेलेल्या ज्यूंच्या, आकड्यापासून सुरुवात केली होती. परीक्षेला येईल म्हणून मुलांनी तो वहीत लिहून त्याभोवती चौकट आखली, आणि विषय तिथेच संपला. आता मी रेशनकार्डापासून सुरुवात करते.

कोरे कार्ड फळ्यावर आखावे आणि विचारावे की, उद्यापासून घरात एक जादा मूल राहणार आहे, पण त्याचे नाव या कार्डावर घालता येणार नाही; मग त्याने कोणाच्या वाट्याचे खायचे, आणि शेजारच्या काकूंना काय सांगायचे? वाड्यात आलेला पाहुणा दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतो, हे पुण्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. ‘मामेभाऊ आहे म्हणू’, असे कोणीतरी म्हणतेच. तेव्हा सांगावे की, हॉलंडमध्ये अशा मुलांना 1940 च्या बॉम्बहल्ल्यात घर गमावलेली रॉटरडॅमची मुले म्हणून ओळख दिली जाई.

त्यानंतर अ‍ॅमस्टरडॅमकडे वळावे आणि इथे घाई करू नये. फळ्यावर रस्ता आखून एका बाजूला ज्यूंना डांबलेले नाट्यगृह व त्याचे पहारेकरी, तर समोर मुलांना ठेवलेले पाळणाघर दाखवावे. मधे ट्राम उभी राहिली की पहारेकऱ्यांना समोरचे दार दिसत नसे. तेवढ्यात मूल कडेवर घेऊन ट्रामच्या आडोशाने चालत जायचे आणि पुढच्या थांब्यावर चढायचे. नाट्यगृहाचा कारभार पाहणारे ज्यू व्यवस्थापक वाल्टर झ्युस्किंड त्या मुलाची नोंद कागदपत्रांतून नाहीशी करत. अशा निरनिराळ्या वाटांनी सुमारे 600 मुले बाहेर पडली. मात्र त्याआधी आईबापांना विचारले जाई, आणि काहींनी नकारही दिला. हे वगळू नये. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल यांना 1943 मध्ये ऑशविट्झच्या नाझी छावणीत मारण्यात आले.

मुलांना लपायला लावून प्रसंग वठवून घेऊ नये. त्याचा पाच मिनिटांत लपंडाव होतो. आसरा देणाऱ्यांना देवही करू नये. व्याप्त पोलंडमध्ये या मदतीला मृत्युदंड होता, तरी काहींनी दार उघडले; काहींनी त्यासाठी पैसेही घेतले.

पुण्याच्या कॅम्प भागातले लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, दाखवायचे असल्यास आधी परवानगी काढावी. ते डेव्हिड ससून यांनी बांधवले, एवढे सांगितले की ससून रुग्णालय माहीत असलेली मुले कान टवकारतात. घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू इथे राहतात, हेही सांगावे. पण युरोपातला छळ पुण्याच्या माथी मारू नये.

शेवटची दहा मिनिटे युद्धानंतरच्या काळासाठी राखावीत. पोलंडमधल्या वॉर्सात ज्यू मुलांना लपवणाऱ्या इरेना सेंडलर यांनी पातळ कागदावर मुलांची खरी नावे लिहून ती बरणीत घालून सफरचंदाच्या झाडाखाली पुरली होती, ती मुले पुढे आपल्या माणसांना परत देता यावीत म्हणून. बहुतेकांचे आईबाप उरलेच नव्हते. आणि इतरत्र जिथे आई परतली, तिथेही काही लहानग्यांनी तिला ओळखले नाही आणि सांभाळणाऱ्या बाईचा पदर सोडला नाही.