आंब्याचा पैसा वर्षभर कसा पुरवावा आणि त्यातूनच कर्ज कसं फेडावं

‘पगाराच्या वीस टक्के बाजूला टाका’ हा सल्ला देणाऱ्याने देवगड-राजापूरकडे एक वर्ष काढून दाखवावं. इथे पगार नसतो. मार्च ते मे आंब्याच्या पट्ट्या (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब आणि पैसे) येतात, जूनमध्ये हात सैल असतो आणि गणेश चतुर्थीला बायकोच्या पाटल्या बँकेत जातात. उत्पन्न कमी असतं हे खरं, पण अर्धा त्रास ते एकदम येतं याचा आहे. म्हणून पद्धतही वेगळी लागते.

पहिलं : सगळी कर्जं एका कागदावर. सोसायटीचं (गावच्या सहकारी संस्थेचं) पीककर्ज, सोनेतारण, गाडीचा हप्ता, बचत गट, दुकानाची उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, सगळं लिहा. प्रत्येकापुढे वार्षिक व्याजदर मांडा. महिन्याला ‘शेकडा दोन’ ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते वर्षाला २४ टक्के होतं. शेकडा तीन म्हणजे ३६. गाडीच्या कर्जात ‘फ्लॅट १२ टक्के’ सांगितलं असेल तर त्यावरही विश्वास ठेवू नका. ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले, तर मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर लागतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर सुमारे २१ टक्के पडतो. कर्ज घेण्याआधी ‘घटत्या शिलकीवर किती?’ एवढंच विचारा.

दुसरं : पीककर्जाची तारीख चुकवू नका. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के असतो. मुदतीत फेडलं तर केंद्राच्या ३ टक्के सवलतीने तो ४ वर येतो आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत उरलेलाही भार उतरतो. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण तारीख हुकली की सवलत गेली. नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला, चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलणारे मी दरवर्षी बघतो. त्या चार दिवसांचे पुढे चार महिने होतात. मुदतीची तारीख सोसायटीत विचारून कॅलेंडरवर लिहा आणि पहिल्या पट्ट्यांतूनच ती रक्कम बाजूला काढा.

तिसरं : स्वतःला पगार लावा. सगळं इथेच अडतं. मीही सगळ्यात जास्त इथेच चाचपडलो, म्हणून सावकाश सांगतो.

पगाराचा आकडा यंदाच्या पट्ट्यांवरून काढायचा नाही. हापूस एक वर्षाआड धरतो. त्यात तुडतुडे, थ्रिप्स अशा किडी आणि अवकाळी पाऊस. यंदा भरभरून आला म्हणून घरखर्च वाढवला तर पुढच्या वर्षी सोनं ठेवावंच लागतं. मागच्या तीन हंगामांत हमाली, दलाली, पेटीखोका वजा जाऊन हातात काय पडलं ते लिहा आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा घ्या. समजा ४,२०,०००, २,६०,००० आणि ३,५०,००० असे आकडे निघाले. आपला आकडा २,६०,०००. सरासरी काढायचा मोह होतो. काढू नका, घर सरासरी वर्षात बुडत नाही, वाईट वर्षात बुडतं.

त्यातून आधी बागेचा खर्च बाजूला काढा : खत, फवारण्या, साफसफाई, राखण. तो तुमचा पैसाच नव्हे. धरा ९५,०००. उरले १,६५,०००. मग जूनची शाळा आणि घराची शाकारणी २०,०००, चतुर्थी २५,०००. चतुर्थीचा खर्च ‘होईल तसा करू’ म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकी १,२०,०००. याला बाराने नाही, तेराने भागा. हिशेब ९,२३० च्या आसपास येतो, महिन्याला ९,२०० धरा. मोहोर उशिरा आला की पहिली पट्टीही लांबते, त्या फटीसाठी हा तेरावा महिना.

आकडा बघून घाबरायला होतं. तो घरच्यांसमोर मांडा, एकट्याने ठरवलेला पगार गणपतीपर्यंतही टिकत नाही. मुंबईहून मुलगा पैसे पाठवत असेल तर ते किराण्याला लावा, या हिशेबात मिसळू नका.

आता यंत्रणा. दोन खाती लागतात. पट्ट्या एका खात्यात जमा होतील. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, त्यावर यूपीआय जोडू नका. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून ९,२०० घरखर्चाच्या खात्यात जावेत अशी स्थायी सूचना बँकेत लेखी द्या. चतुर्थीच्या आणि बागेच्या रकमेच्या मुदत ठेवी करा, गरजेच्या आठवडाभर आधी संपतील अशा. अर्जावर ‘मुदतीनंतर रक्कम खात्यात जमा’ असंच लिहा, नाहीतर ठेव आपोआप नूतनीकरण होते आणि ऐन गणपतीत तुम्ही बँकेच्या रांगेत.

खरी परीक्षा पहिल्या दोन महिन्यांत असते. खातं फुगलेलं असतं, मे महिन्याची लग्नं असतात, आणि नाक्यावर प्रत्येक जण विचारतो, ‘आंब्याचे पैसे इले काय रे?’ उत्तर एकच : ‘ठेवीत गेले.’ खोटं नाही ते. पावसाआधी तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, लाकडं भरून ठेवतो ना, ही तशीच बेगमी आहे. आषाढासाठी ठेवलेली सुकी सुंगटं (कोळंबी) कोणी ज्येष्ठात संपवत नाही.

चौथं : वरचा सगळा पैसा कर्जाला. यंदा ३,५०,००० आले, तर २,६०,००० च्या वरचे ९०,००० पूर्णपणे कर्जाकडे. सगळ्यांना थोडं थोडं वाटू नका. कागदावर ज्याचा दर जास्त ते आधी संपवा, मग त्याखालचं. मेव्हणा रुसेल, पण त्याचं व्याज शून्य आहे.

सोनेतारणाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. दरवर्षी फक्त व्याज भरून दागिना पुन्हा ठेवत असाल, तर त्यातला एखादा विका आणि बाकीचे सोडवून आणा. तिजोरीत असलेलं सोनं आपलं. बँकेत पडून राहिलेल्याचं आपण भाडं भरतोय.

दलालाकडून उचल घेऊ नका. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो आणि तो लावेल तो भाव घ्यावा लागतो. व्याज दिसत नाही, एवढंच.

पाचवं : ठेव कुठे ठेवायची. पतपेढीवाला ओळखीचा असतो, दारात येऊन पिग्मी (रोजची छोटी बचत) नेतो, व्याजही जास्त देतो. पण बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतपेढीच्या ठेवीला तो नाही. तिथे तेवढंच ठेवा जेवढं अडकलं तरी चूल पेटेल. वर्षाचा पगार तर मुळीच नको. ज्यांना महिन्याला शंभर-दोनशेच जमतात त्यांना पोस्टाची आवर्ती ठेव पुरे, ती १०० रुपयांपासून उघडते.

बोटीवर भागी असणाऱ्यांनी हेच उलट करायचं : बाकीचे महिने दर वाट्यातून ठरलेली रक्कम काढायची आणि ती फक्त पावसाळी बंदीत, जून-जुलैत वापरायची. तिला नारळी पौर्णिमेआधी जाळ्यांसाठीही हात लावायचा नाही, जाळ्यांची वेगळी काढा.

स्थायी सूचनेचा अर्ज मिरगाच्या (जूनच्या सुरुवातीच्या मृग नक्षत्राच्या) आधी देऊन या. पाऊस लागला की लाइट जाते, मग बँकेत ‘सर्व्हर डाउन’ची पाटी लागते आणि तोवर जूनचे पैसे संपलेले असतात.