क्रूड फायबरचे आकडे जुळत नाहीत? या चुका टाळा

पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या यंत्रावर शंका आली, तर शुद्ध अमोनियम सल्फेट चालवून बघता येतं. हे यंत्र मुळात नायट्रोजन मोजतं, आणि अमोनियम सल्फेटमध्ये 21.2 टक्के नायट्रोजन असतो, आकडा तिथे यायलाच हवा. क्रूड फायबरला, म्हणजे खाद्यातल्या न विरघळणाऱ्या तंतुमय भागाला, असा शुद्ध पदार्थच नाही. 1.25 टक्के गंधकाम्लात 30 मिनिटं, मग 1.25 टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये 30 मिनिटं उकळून जे उरतं, त्यातून राख वजा केली की झालं क्रूड फायबर. उकळणं, गाळणं, धुणं यात थोडी गडबड झाली तरी उत्तर बदलतं. आणि या उत्तरावर माल पास-नापास होतो. आयएस 2052 या भारतीय मानकात गुरांच्या खाद्यातल्या फायबरला वरची मर्यादा आहे. आपला आकडा खोटा कमी आला, तर भुसा जास्त घातलेलं पोतं गोठ्यापर्यंत जातं.

त्यामुळे ‘एएमसी (वार्षिक देखभाल करार) आहे, इंजिनिअर येईल तेव्हा बघू’ ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

क्रुसिबलकडे दुर्लक्ष

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा काचेच्या क्रुसिबलच्या, म्हणजे नमुना ज्यात उकळून गाळतात त्या भांड्याच्या, तळच्या जाळीत सापडतं. राख झटकली, नळाखाली धरलं, झालं, असं करू नका. बारीक राख आणि सिलिका छिद्रांत अडकून राहते. गाळणं रेंगाळतं, नमुना अल्कलीत (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) 30 मिनिटांपेक्षा जास्त राहतो आणि धुणंही अर्धवट होतं. एक चूक आकडा खाली ओढते, दुसरी वर, म्हणून एकाच खाद्याचे जोडीतले दोन नमुने जुळेनासे होतात. प्रत्येक वेळी राख काढल्यावर जाळीतून खालून वर, म्हणजे उलट्या दिशेने, गरम पाणी सोडा.

याच्या उलटही होतं. गरम अल्कली काच हळूहळू खाते, छिद्रं मोठी होतात, बारीक तंतू निसटतात आणि फायबर कमी दिसतं. क्रुसिबल रात्रभर कॉस्टिकमध्ये (याच अल्कलीत) भिजत ठेवायची सवय काही ठिकाणी आहे, ती मोडा.

माझी पद्धत सोपी आहे. प्रत्येक क्रुसिबलला नंबर, आणि महिन्यातून एकदा ठरावीक व्हॅक्यूमवर 50 मिली पाणी उतरायला किती सेकंद लागले, ते वहीत. नवं असतानाच्या वेळेपेक्षा फार हळू असेल तर पुन्हा सफाई, फार भरभर असेल तर ते बाद.

भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा भाग, तोही तपासून घ्या. राख 525 अंशांच्या आसपास करतात. बोरोसिलिकेट काचेला ही जवळजवळ हद्दच आहे, भट्टी त्याच्या फार वर गेली की क्रुसिबल वाकतं. लालबुंद भट्टीतून थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) तर कधीच नको. भट्टी 200 अंशांच्या खाली येऊ द्या.

कंडेन्सरचं पाणी

एका एप्रिलमध्ये आमचे दुपारचे आकडे सकाळपेक्षा सतत कमी येत होते. रसायनं नव्याने बनवली, वजनकाटा तपासला, फरक जाईना. शेवटी कंडेन्सरच्या (उकळताना वाफ थंड करून परत द्रावणात सोडणाऱ्या भागाच्या) नळीला हात लावला, तर पाणी चांगलंच गरम. गच्चीवरच्या टाकीतून येत होतं. वाफ परत थंड होत नव्हती आणि द्रावण आटत होतं. 200 मिलीचं 160 झालं, की 1.25 टक्क्यांचं द्रावण 1.56 टक्के होतं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत साचला तरी हेच घडतं. तेव्हा उकळून झाल्यावर द्रावणाची पातळी बघायची सवय लावून घ्या.

गॅस्केट आणि ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, उष्णतेने कडक होतात. क्रुसिबलच्या कडेला ओल दिसली की लगेच बदला, घट्ट आवळून वेळ मारून नेऊ नका. व्हॅक्यूम पंपाआधीची ट्रॅप बाटली रोज रिकामी करा, नाहीतर आम्लाचा ओलावा पंपात जातो. अ‍ॅसिटोनने धुतलेली क्रुसिबलं वास पूर्ण गेल्याशिवाय ओव्हनमध्ये ठेवू नका, वाफ पेट घेते. एनडीएफ-एडीएफ (डिटर्जंटच्या द्रावणात उकळून फायबर मोजायच्या चाचण्या) करत असाल तर थंडीत डिटर्जंटचं द्रावण तळाशी स्फटिक धरतं. ते कोमट करून पूर्ण विरघळल्यावरच यंत्रात घाला, नाहीतर नळ्या तुंबतात.

चक्कीची 1 मिलिमीटरची जाळी फाटली की भरड दाणा नीट पचत नाही आणि फायबर जास्त दिसतं. हा दोष लोक यंत्राच्या माथी मारतात.

आणि प्रत्येक बॅचमध्ये एक ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) आणि स्वतःच्या ठेवणीतला एक नमुना हवाच. एकाच पोत्यातलं खाद्य नीट मिसळून, दळून, हवाबंद बाटल्यांत भरून ठेवा. त्याचा आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेला, तर त्या बॅचचे रिपोर्ट रोखा आणि तपासणी गॅस्केट, जाळी, पाणी या क्रमाने सुरू करा.