टेलीकास्टर किटची वायरिंग: प्लेट बसवण्याआधी मल्टिमीटर लावा

टेलीकास्टर ही फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. त्या पद्धतीच्या किटमध्ये दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारी, एकेका वेटोळ्याची चुंबकं), तीन टप्प्यांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन आणि केबल लावायचा जॅक एवढंच असतं. पहिल्यांदा वायरिंग करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. खालची जोडणी फेंडरने १९६७ पासून वापरलेली आहे: स्विचचा दांडा ब्रिजकडे (तारा अडकवतात ती धातूची पट्टी) असताना ब्रिज पिकअप, मध्ये दोन्ही, नेककडे (गिटारचा दांडा) असताना नेक पिकअप.

आधी किटमधले पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे फिरते रेझिस्टर, बघा. त्यावर ए२५०के (२५० किलोओम) छापलेलं हवं. ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला लिनियर पॉट लावला तर नॉब निम्मा खाली आणला तरी आवाज फारसा उतरत नाही, आणि शेवटी एकदम पडतो. ५०० किलोओमचा पॉट चालतो, पण सिंगल कॉइलचा सूर टोचरा होतो. टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर घ्या, त्यावर २२३ लिहिलेलं असतं. आणखी गडद सूर हवा असेल तर ४७३. त्याला उलटं-सुलटं नसतं. २२ गेजची वायर दोन रंगांत आणि ६०/४० ची रोझिन कोअर सोल्डर वायर लागेल. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळतं. नळकामाचा ॲसिड फ्लक्स वापरू नका, तो तांबं खातो.

सगळ्यात जास्त घोळ पॉटच्या पाठीवर होतो. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पातळ वायरींना पुरतं, पण पॉटचा पत्रा उष्णता ओढून घेतो. मग आपण टोक वीस-वीस सेकंद दाबून धरतो. आतला ट्रॅक भाजतो आणि वर सोल्डरचा नुसता गोळा बसतो, जो बोटाने उचकटतो. पाठीसाठी ५०-६० वॅटचं आयर्न आणि रुंद टोक घ्या. पत्रा पॉलिश पेपरने घासून चमकवा, त्यावर आधी सोल्डरचा पातळ थर चढवा, मग थर चढवलेली वायर ठेवून तीन-चार सेकंदांत काम उरका. सोल्डर पसरून कडेला पातळ झालं की सांधा धरला.

स्विच, व्हॉल्यूम, टोन या क्रमाने धातूच्या प्लेटवर बसवा आणि प्लेट पालथी करून बाहेरच काम करा. पिकअप, जॅक आणि ब्रिजखालची अर्थ वायर मात्र सोल्डर करण्याआधीच भोकांतून ओढून घ्या.

पॉट पाठीकडून बघा, पाय आपल्याकडे. व्हॉल्यूमचा डावा पाय इनपुट, मधला आउटपुट, उजवा वाकवून पाठीला सोल्डर करा. टोनचाही उजवा पाय पाठीला. कपॅसिटर व्हॉल्यूमच्या डाव्या पायापासून टोनच्या मधल्या पायापर्यंत. टोनचा डावा पाय रिकामा राहतो. व्हॉल्यूमच्या मधल्या पायाची वायर जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणारी पट्टी) जाते. दोन्ही पिकअपच्या काळ्या वायरी, ब्रिजची वायर आणि जॅकच्या स्लीव्हची (प्लगच्या बुडाला टेकणारा भाग) वायर पॉटच्या पाठीवर येतात; दोन्ही पाठी एका वायरने जोडा.

स्विचला दोन बाजू असतात, प्रत्येकीला एक कॉमन आणि तीन पाय. पायांचा क्रम प्रत्येक स्विचमध्ये सारखा नसतो, म्हणून मल्टिमीटर बझरवर ठेवून ते शोधा. पहिल्या बाजूला, दांडा ब्रिजकडे आणि मध्ये असताना जोडले जाणारे दोन पाय एकत्र करून त्यांना ब्रिज पिकअपची गरम वायर (सिग्नलची, काळी सोडून दुसरी) द्या. दुसऱ्या बाजूला, मध्ये आणि नेककडे जोडले जाणारे पाय एकत्र करून नेक पिकअपची. दोन्ही कॉमन जोडून व्हॉल्यूमच्या डाव्या पायाला न्या.

आता तारा चढवायची घाई नको. जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिप व स्लीव्हमध्ये ओम मोजा. पिकअप ७ किलोओमचे असतील तर एकेकट्याला साधारण ६.८ आणि मध्ये ३.५ च्या आसपास यायला हवं. २५० किलोओम दिसलं तर पिकअप व्हॉल्यूमपर्यंत पोचतच नाहीये: स्विचचे पाय चुकले किंवा वायर सुटली. शून्य दिसलं तर कुठेतरी गरम वायर अर्थला टेकली आहे. काहीच दिसलं नाही तर जॅककडची वायर तुटली आहे. व्हॉल्यूम बंद केल्यावर शून्य यायलाच हवं. या चार आकड्यांत निम्म्याहून जास्त चुका सापडतात.

हीच मोजणी प्लेट गिटारच्या लाकडातल्या खाचेत बसवल्यावर पुन्हा करा, कारण खाच अरुंद असते. आत कॉपर टेप लावली असेल तर स्विचचे पाय तिला टेकतात. जॅकची टिपची पट्टी तर प्लग घातल्यावरच बाहेर वाकून भिंतीला लागते. म्हणून प्लग न घालता तपासलं तर सगळं ठीक दिसतं. तिथे आतून इन्सुलेशन टेप लावा.

मधल्या टप्प्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतो. एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, पण नेक पिकअपचं धातूचं कव्हर आणि ब्रिज पिकअपची खालची प्लेट बहुधा काळ्या वायरीला जोडलेली असते. तो छोटा जोड तोडून कव्हर किंवा प्लेटला वेगळी अर्थ वायर दिल्याशिवाय अदलाबदल केली तर कव्हर किंवा प्लेटच सिग्नलला जोडली जाईल आणि गुणगुण वाढेल.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ नीट आहे. वाढली तर जॅकच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. थोडी ५० हर्ट्झची गुणगुण सिंगल कॉइलला राहणारच.

तारा ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात हे विसरू नका. ॲम्पला तीन पिनांचा प्लग आणि भिंतीत खरंच चालू असलेलं अर्थिंग हवंच. अर्थची पिन सोडून देणारा दोन पिनांचा ॲडॉप्टर इथे कधीही वापरू नका; ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंट थेट तारांवर येतो.